बुश क्रमांक ४१७/३

आबांवर चोरीचा ठपका आला तेव्हा मी चौथीत होते. माझे वडील, आबा, मीटरगेजच्या एका लोको शेडमध्ये स्टोअर सांभाळायचे. इंग्लंडहून सुट्या भागांची पेटी आली, आत साइड रॉडचे चार बुश. साइड रॉड म्हणजे इंजिनाची चाकं एकमेकांना जोडणारा दांडा आणि बुश म्हणजे त्यात बसणारं जाड धातूचं कडं. पेटी उघडली तेव्हा बुश दोनच निघाले. रजिस्टरला चार, खाली आबांची सही.

सही खरी होती. त्या काळी पेटी आली की स्टोअरवाले सोबतच्या कागदावरून नोंद करून टाकायचे. फळ्या उचकटायच्या त्या फिटरनं माल मागितल्यावर. सगळेच तसं करायचे. अडकले आबा.

नोकरी गेली. आम्ही सिल्लोडला गेलो आणि आबा मक्याच्या आडतीत काट्यावर उभे राहिले. आईचे थोरले भाऊ, आमचे मामा, त्याच शेडमध्ये फिटर होते. त्यांची नोकरी राहिली आणि आमची शाळा त्यांनीच निभावली. आबा दरवर्षी दसऱ्यानंतर रेल्वेला अर्ज करत: चौकशी पुन्हा करा, मी निर्दोष आहे. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहायची. शेजारी आई तांदूळ निवडत बसलेली असायची. 'सदर बुश क्रमांक ४१७/३ व ४१७/४' हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. आबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून माझ्याकडे चिकलठाण्याला राहतात. त्यांना अजूनही तो एक कागद हवा आहे, ज्यावर लिहिलेलं असेल की यांनी चोरी केली नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला माल मोजायचा, कागदाशी ताडून बघायचा. एके दिवशी असाच कमी आलेला माल परत पाठवताना डोक्यात आलं, आबांच्या पेटीत मुळात दोनच बुश आले असतील तर? पाठवणाऱ्या कारखान्यानं किती भरले, याची नोंद इंग्लंडात कुठंतरी असणारच.

तिथून मी ब्रिटिश इंजिनांच्या मागे लागले. लोकांना वाटतं मला छंद आहे. छंद बिंद काही नाही. कुठल्या कारखान्यानं कुठल्या रेल्वेला कोणती इंजिनं दिली, सुट्या भागांना नंबर कसे पडत, कारखाने बंद पडल्यावर दप्तरं कुठं गेली, हे सगळं शिकावं लागलं. काही दप्तरं ग्रंथालयांत गेली, काही कचऱ्यात आणि काही म्हाताऱ्या हौशी माणसांच्या गॅरेजात. सुट्टीच्या दिवशी मी वायर ब्रश आणि टॉर्च घेऊन बागांत, फाटकांसमोर मांडून ठेवलेली जुनी इंजिनं बघत हिंडले. एका ठिकाणी वॉचमन म्हणाला, "ताई, भंगारात घेताय का?"

"नंबर बघतेय."

"नंबर हा काय समोर, एवढा मोठा."

समोरचा नंबर बघायचा नसतो, हे मला मामांनी शिकवलं होतं. "पाटी चार स्क्रूवर असती. कुणीबी बदलतं. खरा नंबर पार्टवर, दिसत नाय त्या बाजूला." मामा बजाजनगरला मुलाकडे असतात. दर महिन्याला मी फोटो घेऊन जायची आणि ते बोटानं दाखवत शिकवायचे. पेटीचा विषय निघाला की म्हणायचे, "इंग्लंडवाल्यांनीच कमी धाडले असतील. साहेब लोकांना कोण इचारणार?"

तीन वर्षांनी ते पान मिळालं. तिकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी माल पाठवल्याच्या वहीचा फोटो काढून धाडला, सोबत बुशचं ड्रॉइंग. मी तो कंपनीच्या बसमध्ये उघडला. चार बुश. ४१७/१ ते ४१७/४. भरणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. दोन-दोन माणसांनी मोजलं होतं. माझा उतरायचा स्टॉप मागे गेला तरी मी बसलेलीच. आबांचा शेवटचा आधार मीच तीन वर्षं खपून मोडून काढला होता. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "आला का इंग्लंडचा कागद?" मी म्हटलं, "अजून नाही."

चार दिवसांनी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मी माप घ्यायचं व्हर्निअर, स्क्रू ड्रायव्हर, विळी काढली आणि खलबत्ता चिंचेनं घासायला घेतला. चांगला जड खलबत्ता, माझ्या लग्नात मामांनी दिलेला. ओट्यावर ओरखडे नकोत म्हणून त्याच्या बुडाला त्यांनी रबराची चकती चिकटवून दिली होती. ती इतक्या वर्षांनी कुजली होती. घासता घासता तुकड्यातुकड्यानं निघाली. खाली कडेला ठोकलेले आकडे होते.

४१७/३.

मी तो उलटा-सुलटा केला. परत वाचला. नळ चालूच होता. मग हात पुसले, व्हर्निअर घेतलं आणि बाहेरचा व्यास मोजून ड्रॉइंगशी ताडून बघितला. जुळला. कड्याला आतून चकती ठोकून बूड केलं होतं. काम इतकं सफाईचं की सांधा नखाला लागत नव्हता. बाहेरच्या खोलीत आबा पेपर वाचत होते. ते राहायला आल्यापासून नऊ वर्षं त्यांच्या चहातलं आलं मी यातच कुटत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायच्या निमित्तानं बजाजनगरला गेले. मामांच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले आणि पिशवीतून खलबत्ता काढून टीपॉयवर उपडा ठेवला.

मामांनी चष्मा लावला. आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"घासाया पायजे होता," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, निदान नाही तरी म्हणतील.

"मग घासला का नाही?"

"फिटरनं नंबर घासायचा नसतो. हातच वळंना."

"उचलायला बरा वळला."

"पेटीची एक फळी फुटलेली होती. दोन काढले. तवा शेडमदी रेल्वेच्या मालातनं सगळेच घरासाठी काय ना काय घडवायचे. कुणी अडकित्ता, कुणी समई. मला वाटलं, दाजी पेटी उघडून मोजतील, दोन लिवतील, माल कमी आला म्हणून विषय संपंल. दाजींनी न उघडताच चार लिवले."

"तेव्हा सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर दोन्ही चुली इझल्या असत्या. एक तरी पेटती राहू दे, असं तुझी आईच म्हणली."

मी अर्ज लिहायची तेव्हा हीच आई शेजारी बसून म्हणायची, अक्षर नीट काढ, साहेबाला वाचता आलं पाहिजे.

"मला का दिला हा?" मी विचारलं.

"दाजींचं माझ्यामुळं गेलं. म्हणून दाजींच्या लेकीला दिला." हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. आतमध्ये मामी लसूण ठेचत होत्या. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

घरी येऊन मी खलबत्ता आबांपुढे ठेवला आणि कुणी, कसा, ते सांगितलं. आईचं सोडून. आबांनी भिंग घेतलं.

"शिक्का तिकडचाच आहे," ते म्हणाले. मग, "माझ्या चहाचं आलं यातच?"

"हो."

"दुसरा?"

"मामांच्या ओट्यावर."

आबांनी भिंग खाली ठेवलं. "कागद घे," म्हणाले. मामांच्या वतीनं मी लिहिलं: बुश दोन नग, पितळी, क्रमांक ४१७/३ व ४१७/४, पेटीतून मी काढले होते, ते परत जमा करत आहे. खाली देणाऱ्याच्या सहीला जागा सोडली.

रविवारी मामांनी तो कागद दोनदा वाचला. "पेन्शनीचं काय व्हईल?"

"माहीत नाही. खोटं सांगत नाही."

"हं." त्यांनी पेन मागितलं. "हितं चुकलंय. पितळी नाय, गनमेटल लिव." मी खोडून गनमेटल लिहिलं. त्यांनी सही केली आणि आत हाक मारली, "खलबत्ता रिकामा कर गं."

"आता? चटणी व्हायचीय."

"दे म्हणतो ना."

संध्याकाळी दोन्ही बुश आबांच्या टेबलावर उपडे ठेवले. आबांनी नंबर वाचले, सही भिंगाखाली धरली. "त्याचीच आहे. यंदाच्या अर्जाला जोड." मी कागद घेऊन उठले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

तपासणीच्या नोकरीत मी कधी न मोजलेला आकडा लिहिला नाही आणि मोजलेला बदलला नाही.

"नाही," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली आणि धोतराच्या टोकानं भिंग पुसायला घेतलं.