रवणीची कोंबडी हडपसरला

टोपलीवर फडकं बांधलेलं होतं, म्हणून स्वानंदने ती मेट्रो स्टेशनातल्या तपासणीच्या यंत्रात बॅगेसारखी सरळ ढकलून दिली. पडद्यासमोर बसलेली पोरगी ताडकन उठली. पडद्यावर कोंबडीचा सांगाडा होता आणि त्याच्याखाली अकरा गोळे.

"आरं मुडद्या, यंत्रात घातलीस व्हय तिला!" मागून तुळजाबाई ओरडल्या.

टोपली पलीकडून बाहेर पडली ती कोंबडीच्या शंखासकट. जिवंत जनावर आत नेता येत नाही, असं रक्षकाने हसू दाबत सांगितलं. शिवाजीनगरहून जमिनीखालून स्वारगेट, असा स्वानंदचा बेत होता. तो वरच राहिला.

तुळजाबाई शहराकडेच्या माण गावच्या. शेत आयटी पार्कात गेलं. उरल्या जागेवर मुलाने, इंद्रजितने, चौदा खोल्या चढवल्या. सातव्या खोलीत जिंतूरहून नोकरीसाठी आलेला स्वानंद. आता खुराड्याच्या जागी पंधरावी खोली उठायची होती आणि पायाचे खड्डे आजच घ्यायचे होते. कोंबडी मात्र उबवायला रवणीवर बसलेली, अंड्यांना अठरा दिवस झालेले. बाकीच्या मुंगसाने नेल्या. सासूच्या वेळेपासूनच्या वाणातली ही शेवटची. "दुकानातनं शंभर पिल्लं आणून देतो," असं इंद्रजित म्हणाला आणि बाईंनी त्याच्या गाडीत पाय ठेवायचं बंद केलं. फुरसुंगीला लेकीकडे, रेश्माकडे, टोपली न्यायची ठरली आणि अर्धी सुट्टी टाकलेला स्वानंद तावडीत सापडला.

"आजी, त्या मशिनने अंड्यांना काही होत नसेल ना?"

"तुजं कालेज झालंय न्हवं? मलाच इचारतुयास!"

खरी पंचाईत वेगळीच होती. बिथरलेली कोंबडी अंड्यांवरून उठली होती ती बसायलाच तयार नव्हती. अंडी गार पडत चालली होती.

बसथांब्यावर हडपसरची बस आली. विजेवरची, नवीकोरी, निम्मी रिकामी. स्वानंदने एक पाय आत टाकला.

"उतर खाली. गार हाय ती."

"आजी, एसी आहे!"

"बाळंतिणीला गारठ्यात बसवतुयास व्हय?"

दुसरी आली, तीही तसलीच. तीही सोडली. अर्धी सुट्टी चालली होती, पण तुळजाबाईंपुढे ते बोलायची सोय नव्हती. तिसरी खडखडत आली. तिचा आवाज तिच्याआधी पोचला.

"हीच! मागल्या बाकड्यावर रुमाल टाक, पळ!"

मागलं बाकडं रिकामंच होतं. रोजची माणसं तिथे बसत नाहीत. खालून इंजिन तापतं आणि माणूस उकडून निघतो. तुळजाबाईंनी उभी हयात मेथीची गाठोडी घेऊन बसनेच हे शहर पालथं घातलेलं. तेव्हा इंजिन ड्रायव्हरशेजारी असायचं. ते मागे गेल्याचं त्यांना लेकीकडच्या फेऱ्यांनी शिकवलं होतं.

टोपली त्यांनी मांडीवर घेतली नाही, बाकड्यावरच ठेवली आणि खाली स्वानंदचं जर्किन घातलं, धक्के लागू नयेत म्हणून.

"टोपलीत काय, आजी?" कंडक्टरने विचारलं.

"बाळंतीण."

"मग पोरांचं तिकीट?"

"जल्माला तर येऊ द्या आदी!"

कंडक्टर दोन तिकिटं फाडून हसत पुढे गेला. स्वानंदला घामाच्या धारा लागल्या होत्या. तुळजाबाई मात्र फडक्याखाली हात घालून अंडी चाचपत होत्या. पुलगेटच्या आसपास त्यांनी एकदम त्याचं मनगट आवळलं.

"बसली," त्या हळूच म्हणाल्या.

हडपसरला गाडीतळावर रेश्मा स्कूटर घेऊन उभी होती. चौथ्या दिवशी तिचा फोन आला: अकरातली नऊ निघाली. रवण वाहून नेणाऱ्याला एक पिल्लू द्यायची तुळजाबाईंच्या घरची रीत. यंत्रात घातलं तरी ती मोडायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"तुजं पिल्लू घिऊन ये एकदाचं," त्या अजून जिन्यात अडवून म्हणतात. "लोकाचं देणं डोक्यावर ठिवून मला झोप लागत न्हाई."

"ठेवू कुठे, आजी? फाटकावर तुमच्याच नावाने पाटी आहे, खोल्यांत जनावर पाळायचं नाही म्हणून."

तुळजाबाई पाटीकडे बघतात. "इंद्रजितनं लावलीया ती मेली."

"मग काढा."

"काडती की. त्यो भायेर गेला की काडती."

इंद्रजित काही बाहेर जात नाही. पंधराव्या खोलीचं प्लास्टर चाललंय. पिल्लाला तिकडे तुरा फुटलाय आणि रेश्मा त्याला स्वानंद म्हणून हाक मारते.