रिकामा डबा

तुपात बेसन भाजल्याचा वास आला की आधी माझे पाय दुखायला लागतात. लहानपणी अधारताल मोहल्ल्यात आमच्या आणि समोरच्या चाचीजींच्या घरात एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं फिरत होता. तो मूळचा कोणाचा, हे दोन्ही घरं विसरली होती; रिकामा परत करायचा नाही, एवढंच पक्कं होतं. एका उन्हाळ्यात आई ऑफिसातून घामाघूम होऊन आली, तर ओट्यावर तोच डबा, आत चाचीजींनी तळलेली खारी मठरी. ती मटकन खाली बसली. "परवाच तर चिवडा दिला होता वं! आता काय भरू यात?" मी म्हटलं, "रिकामाच दे ना." "काहून? बरं दिसते का ते?" म्हणत तिने कढई चढवली आणि बेसन भाजायला घेतलं. लाडू घेऊन मी गेले, तर डबा बघून चाचीजी उंबऱ्यावरच बसल्या. "फिर भर दिया? मम्मी से कहना बेटा, अब मेरे घुटने जवाब दे गए." मी घरी येऊन निरोप सांगितला. आई कढई घासता घासता म्हणाली, "बिचारीचे गुडघे दुखून राहिले. उद्या मेथीचे लाडू करून पाठवते." परवा माझ्या फ्लॅटसमोरची नवी शेजारीण प्लास्टिकच्या डब्यात हलवा देऊन गेली. जाताना म्हणाली, "दीदी, डब्बा फेंक देना." सुटले, असं वाटलं. फेकायला म्हणून उचलला, आणि धुऊन ओट्यावर ठेवला. आज सुट्टीचा एकच दिवस, पाठ धरली आहे, आणि मी बेसन भाजून राहिले.