जिना नसलेलं घर

मी कोडिंग शिकवते. दवाखान्यातल्या कागदांचं कोडिंग. पेशंटचं काय मोडलं, कशाने मोडलं, कुठे मोडलं हे डॉक्टर शब्दांत लिहितात. आम्ही त्याचे ठरलेले कोड लावतो, मग ते विमा कंपनीकडे जातं. बावीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि मग हा क्लास सुरू केला. एका खोलीत अठरा मुली, जुनी टेबलं, आणि प्रत्येकीसमोर विटेपेक्षा जाड कोडचं पुस्तक. तोंडाने मी फटकळ आहे. आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत माझंही चुकलंय आणि ते मी झाकणार नाही.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली हिरवट-पिवळा डाग होता. मी विचारलं, "काय गं, कुठे धडपडलीस?"

"जिन्यावरून पडले, मॅडम."

दोन आठवड्यांनी ओठ फाटलेला. जिना. मग कानाची पाळी, कानातलं ओढून चिरलेली. तोही जिनाच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई गं, तुझा जिना भलताच तापट आहे!" वर्ग खो-खो हसला. तीही हसली, ओठाचा टाका सांभाळत. त्या दिवसापासून तिचं नाव जिनेवाली पडलं. हे नाव मी ठेवलं, दुसऱ्या कुणी नाही.

मला कळत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं असलेच कागद बघितलेत मी. पण क्लास चालवायचा, दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं म्हणून गप्प बसले. लाज वाटते आता, पण तेव्हा नाही वाटली.

पोरगी हुशार होती. बाकीच्या पानं उलटत बसायच्या, तोवर हिचा कोड तयार. मी वर्गात सांगितलं होतं, की एक मोठा दवाखाना आहे, दिवसभराच्या प्रवासावर, तिथे परीक्षेत पहिल्या पाच आलेल्यांना नोकरी देतात आणि आवारातच राहायला खोली. बाकीच्यांनी पगार विचारला, सुट्ट्या विचारल्या. हिने तास संपल्यावर मला गाठलं.

"मॅडम, खोलीत सात वर्षांच्या मुलीला ठेवू देतात?"

"देतात की."

"आणि खोलीला आतून कडी असते?"

"असते गं बाई. दाराला कडी नसेल का?"

"आमच्या दाराची त्याने काढून टाकलीय," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली. पहिल्या पाचांत आली तर लेकीला घेऊन सुटणार, नाही आली तर त्याच घरात मरणार, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं. तरी मी काय केलं? घरी जाऊन भाजी निवडली.

परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा मी सराव पेपर काढला. त्यात एक खोटा केस पेपर होता, मीच तयार केलेला. बाई घरी जिन्यावरून पडली. नाक मोडलं, दोन्ही हातांवर वळ, गळ्यावर बोटांचे ठसे. मुलींना अडकवायलाच तसं लिहिलं होतं. सतरा जणींनी जिन्यावरून पडण्याचा कोड लावला. जिनेवालीने लावला मारहाणीचा, आणि मारणारा कोण याचा जो वेगळा कोड असतो, तिथे नवरा.

मी शून्य दिलं. लाल पेनाने, भलं मोठं.

"तू डॉक्टर आहेस का? आपण जे लिहिलंय त्याचंच कोडिंग करतो. लिहिलं नाही ते झालं नाही!"

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "जिन्याला बोटं असतात का?"

माझी सटकली. "शंका आली तर कागद डॉक्टरकडे परत पाठवायचा आणि विचारायचं. त्याला क्वेरी म्हणतात. मनाने कोड लावायचा नाही. चला, पुढचा प्रश्न!"

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा तो आला. दुपारचे तीन वाजले असतील. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, दारात मावणार नाही असा धिप्पाड. बायको दुपारी औषधांच्या गोदामात खोकी भरते अशी त्याची समजूत होती. त्याच्या हातात तिचं हॉलतिकीट होतं. पिठाच्या डब्यात लपवलेलं, पीठ अजून त्याला चिकटलेलं.

"परीक्षा देतेस? कुणाला विचारून?"

त्याने तिचा अंबाडा धरला आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा. मग परत. पुस्तकाच्या पानावर रक्त सांडलं. सतरा मुली जागच्या जागी थिजल्या, आणि मी, जी जगाला शिव्या घालत फिरते, माझीही दातखीळ बसली. तो तिला केसांनी फरफटत दाराकडे न्यायला लागला. तिने उजव्या हाताने दाराची चौकट पकडली. त्याने त्या हाताकडे बघितलं.

"याच हाताने लिहिणार ना तू?"

आणि दार ओढून आपटलं. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती ओरडली सुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढला. त्याने दार उघडलं आणि तिच्याच हातावर दुसऱ्यांदा आपटलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. समोर पडलेलं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या तोंडावर हाणलं. नाक मोडल्याचं मला हाताला कळलं. तो खाली बसला, तर पुन्हा हाणलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मुली जाग्या झाल्या. चौघी त्याच्या पायांवर बसल्या, दोघींनी हात धरले. एक घाबरट पोरगी कोपऱ्यात उभी राहून पुटपुटत होती, "नाकाचं हाड, बोथट वस्तूने, उपचाराची पहिली भेट." कोड शोधायची सवय, दुसरं काय. कुणी हसलं नाही.

दवाखान्यात अपघात विभागात दोघांना शेजारी-शेजारी खाटा मिळाल्या, मध्ये फक्त एक पडदा. मी तिच्या बाजूला उभी होते. तरुण डॉक्टर आधी त्याच्याकडे गेला.

"नाकाला कसं लागलं?"

एका पन्नाशीच्या बाईने पुस्तकाने हाणलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला. डॉक्टरने लिहून घेतलं.

ती ताडकन उठून बसली. हात मांडीवर तसाच लोंबत होता, बोटं भलतीकडे वळलेली.

"डॉक्टर, आमच्या घराला जिना नाही. तळमजल्यावर एक खोली आहे, पायरीसुद्धा नाही. माझे या दवाखान्यात सहा कागद आहेत. सहाही वेळा तो शेजारी उभा होता, आणि सहाही वेळा मी जिना सांगितला."

डॉक्टर पडदा सारून आमच्या बाजूला आला.

"आता माझं लिहा. उजव्या हाताची तीन बोटं आणि कपाळ. टेबलावर डोकं आपटून आणि दारात हात चिरडून, दोनदा. क्लासच्या खोलीत, आज दुपारी तीन वाजता. पडले नाही. मारलं. नवऱ्याने."

"बाई, हे मग पोलिसांत जाईल."

"त्यासाठीच सांगतेय."

पडद्यापलीकडून तो गुरगुरला, "घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

"हेही लिहा," ती म्हणाली. "शब्दन् शब्द."

आणि त्या डॉक्टरने लिहिलं. देव त्याचं भलं करो. पोलीस आले, अठरा जणींनी साक्ष दिली, त्याला तिथूनच नेलं. मला एका हवालदाराने विचारलं, याच्या नाकाचं काय? मी कबूल करायला तोंड उघडलं होतं. पण त्याने कागद वाचला आणि खांदे उडवले. कागदावर जिना होता.

आठ दिवस लेक आणि ती माझ्याकडे राहिल्या. परीक्षेत कोडचं पुस्तक बघायला परवानगी असते. ती प्लास्टरच्या कोपराने पुस्तक दाबून धरत डाव्या हाताने पानं उलटत होती, डाव्याच हाताने कॉम्प्युटरवर उत्तरं टिपत होती. वेळ संपायला दोन मिनिटं असताना ती उठली. मी बाहेर खिडकीसमोर फेऱ्या मारून पायाचे तुकडे पाडून घेतले होते. निकालात ती तिसरी आली. मी बसस्टँडवर त्यांना सोडायला गेले आणि सगळ्या लोकांसमोर ढसाढसा रडले.

वर्षाने तिला भेटायला गेले. खोलीच्या दाराला दोन कड्या होत्या, एक वर आणि एक लेकीचा हात पोचेल इतकी खाली. रेकॉर्ड रूममध्ये तिच्या टेबलाजवळ बसले. मधलं बोट अजून सरळ होत नाही तिचं. तिने एक कागद वाचला. घरी पडली, दंडावर वळ. कोड लावला नाही. डॉक्टरकडे परत पाठवायच्या गठ्ठ्यात टाकला आणि वर एक ओळ लिहिली: पेशंटला एकटीला विचारलं होतं का?

"दर वेळी हेच लिहितेस?"

"दर वेळी. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत."

मी धीर केला. "तुझे ते सहा कागद? दुरुस्त करून घेतलेस?"

"त्यांना हात लावता येत नाही, मॅडम. तुम्हीच शिकवलंत."

मी म्हणाले, "त्या सराव पेपरात तुला शून्य दिलं मी. फार वाईट वाटतं गं."

"शून्य बरोबरच होतं," ती म्हणाली. पुढचा कागद ओढला, पण वाचला नाही. "पण मी चार महिने तुमच्या समोर बसत होते. क्वेरी टाकायला हवी होती तुम्ही."