डोक्याकडून वर होणारी खाट

अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी "जय भीम!" अशी आरोळी आली, की समजायचं, वाघमारेभाऊ भाजी घेऊन परतले. रेल्वेच्या कारखान्यात घणांच्या आवाजात जन्म गेलेला. हळू बोलणं ठाऊकच नाही. दूधवाल्या यादय्यालाही जय भीम आणि मला माळकरणीलाही. एकदा मी हसून म्हटलं, "भाऊ, मी रामराम घालणारी बाई." तर म्हणाले, "घाला की, अक्का. तुमचा मी घेतो, माझा तुम्ही घ्या. हिसाब बराबर!"

त्यांच्या कौशल्यावहिनींना दम्यानं आडवं पडवत नव्हतं. डॉक्टरांनी डोक्याकडून वर होणारी खाट घ्यायला सांगितली. नवी परवडेना, म्हणून भाऊंनी फोनवर जुनी शोधली, दिलसुखनगरची. भाऊंच्या फोनवरच्या फोटोत मागे असलेली बुद्धमूर्ती त्या विकणाऱ्याला दिसली असणार. त्यानं बोलायला सुरुवातच केली, "जय भीम, काका. आईची खाट आहे. आई परवाच गेली. पैसे पाठवा, टेम्पोत घालून देतो."

मी म्हटलं, "आधी बघून या हो. दिलसुखनगर काय लांब आहे?"

"मयताच्या घरी खाट हलवून बघायला जाऊ, अक्का? नक्को. आपला माणूस आहे तो."

पैसे गेले, टेम्पो काही आला नाही. फोन बंद. पोलीस म्हणाले, बघतो. वहिनींचा डोळा लागावा म्हणून भाऊ भिंतीला टेकून बसायचे आणि त्यांना छातीवर रेलून घ्यायचे. पाय बधिर झाले तरी हलायचे नाहीत. "मीच खाट झालोय, अक्का. फक्त चाकं नाहीत."

अशातच एकदा मी तिथं बसलेली असताना फोन वाजला, भाऊंनी स्पीकरवर घेतला. तारनाक्याची कुणी नर्स होती. तिला विहारात हे सगळं कळलेलं. "जय भीम, काका. माझ्या सासूबाई गेल्या, त्यांची खाट आहे. पैसे नकोत, फक्त पत्ता सांगा."

भाऊंचा चेहरा बघवेना. "तुझी पण म्हातारी परवाच मेली का गं?" म्हणाले आणि फोन बंद करून टाकला. छातीवर रेललेल्या वहिनी नुसत्या बघत राहिल्या.

त्यानंतर त्या फार टिकल्या नाहीत. तशाच, रेललेल्या, गेल्या.

निरोप द्यायला विहाराची माणसं घरी आली. त्यांतली एक बाई पुढे झाली. "जय भीम, काका. तो फोन मीच केला होता."

भाऊंनी हळूच विचारलं, "डोक्याकडून वर व्हायची का गं ती?"

"व्हायची, काका. अजून तशीच पडून आहे."

हल्ली भाऊ भाजी घेऊन कधी परततात, गल्लीला कळत नाही. दिसले, तर मीच मोठ्यानं जय भीम घालते. ते आधी माझ्याकडे नीट बघून घेतात.