ऑस्करच्या मोटरीचे फेरे

याल्मारला मोटर बघावी लागत नसे, ऐकली की पुरे. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरच्या कोळ्यांच्या मोटरी त्यानं चाळीस वर्षं दुरुस्त केल्या. धक्क्याकडे पाठ करून उभा असला तरी कुणाची होडी येतेय आणि तिचा कुठला प्लग गेलाय, हे तो सांगायचा. पण एक आवाज त्याचा पिच्छा सोडत नव्हता. केतली वाजायला लागली की तो आवाज, करवत ओल्या लाकडात अडकली की तोच. घास हातातच राहायचा.

तो आवाज त्याच्या धाकट्या भावाच्या, ऑस्करच्या मोटरीचा. सत्तावीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ऑस्कर एकटाच जाळी उचलायला गेला. दुपारी रिकामी होडी लव्हाळ्यात रुतलेली सापडली. ऑस्कर तिसऱ्या दिवशी. होडी विकली, मोटर मात्र याल्मारनं आपल्या शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवली. दरवर्षी पुसायचा, तेल घालायचा. सुरू कधी केली नाही.

यंदा ऑस्करची मुलगी स्वावा दारात उभी राहिली. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता स्वतः जाळी टाकायची.

"काका, माझ्या मोटरीनं मान टाकली. बाबांची दे."

"ती म्हातारी झालीय."

"तूही झालायस. तुला फेकलं का आम्ही?"

तिच्या हातात एक खोकं होतं, आत टॅकोमीटर. "मोटरीला पाण्यातला नवा पंखा बसवायचाय. पूर्ण वेगात मोटर मिनिटाला किती फेरे घेते, ते कळायला हवं."

"कान कशाला दिलेत?"

"तुला दिलेत. मला आकडा लागतो."

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. दोघांनी मोटर तिच्या होडीवर चढवली. त्यानं झाकण काढून टॅकोमीटरच्या तारा जोडल्या. लाल तार चावीच्या खटक्याला, काळी मोटरीच्या अंगाला, आणि फेऱ्यांची खबर आणणारी राखाडी तार बॅटरी भरणाऱ्या कॉइलच्या जोडाला. मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली, जणू कालच बंद केली होती. ती निवांत गुरगुरत होती, पण काटा तेराशेच्या वर.

"खोटं बोलतोय," याल्मार म्हणाला. टॅकोमीटरच्या पाठीवरचा, मोटरीप्रमाणे जुळवायचा स्क्रू चारवर होता. या मोटरीला सहा हवा. फिरवला तसा काटा नऊशेवर येऊन बसला.

दोघं सरोवरात निघाली. स्वावा मागे मोटर वळवायचा दांडा धरून, याल्मार मध्ये काट्याकडे तोंड करून. पूर्ण वेगात काटा पाच हजारांवर स्थिर झाला.

"किती?" ती ओरडली.

"पाच!"

"बघू?" ती पुढे वाकली, लाट आदळली आणि तिचा हात सुटला. दांडा एका बाजूला पडला, होडी गर्रकन वळली. स्वावा कठड्यावर आपटली, अर्धी बाहेर. याल्मारनं तिचा कोट मुठीत पकडला आणि तिला आत ओढलं. होडी स्वतःभोवती फिरत राहिली. आपल्याच लाटेवरून जाताना पंखा हवा गिळायचा आणि मोटर किंचाळायची. काटा अठ्ठावन्नशेवर उडायचा, पाच हजारांवर पडायचा, पुन्हा उडायचा.

तोच आवाज. चढ, उतार, चढ, उतार.

स्वावानं लोळत जाऊन मोटर बंद केली. पाणी एकदम गप्प झालं.

"काका, सोड कोट. आत आहे मी. काका?"

"त्या दिवशी मी धक्क्यावर होतो," तो म्हणाला. "हेच ऐकलं. सकाळी आमचं भांडण झालं होतं. वाटलं, मला चिडवायला गोल गोल फिरवतोय. फिरव म्हटलं. कॉफी पीत बसलो. आवाज थांबला तरी तासभर उठलो नाही." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, तेव्हा दांड्यावर त्याचाच हात असेल. नव्हता. तो पाण्यात होता, पोरी."

स्वावा त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आईनंही ऐकला होता. खिडकीतून. तिला वाटलं, तू बाबांबरोबर होडीत आहेस. गेल्या वर्षी जाण्याआधी मला म्हणाली, याल्मारला सांगू नकोस, त्याला वाटेल मी त्यालाच बोल लावतेय."

"लिल्यानं ऐकला होता?"

"हो."

लिल्या, स्वावाची आई, त्याच्या समोरच्याच घरात राहायची. सव्वीस वर्षं दोघं रस्त्यात हवापाण्याचं बोलत आली. याल्मार मान खाली घालून रडला. स्वावानं जाळ्यांकडे जायचं सोडून होडी सावकाश परत आणली.

"मोटर काढू का?" धक्क्यावर तिनं विचारलं.

"नको. चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटर बंद करायच्या बटणाला लांब दोरी जोडली, दुसरं टोक स्वावाच्या कमरेला. ती पडली तर मोटर जागीच थांबेल. आवाज काही गेला नाही. तो अजूनही जेवताना थबकतो. पण रोज उजाडताच धक्क्यावर येतो आणि गाठ ओढून बघतो.

"घट्ट आहे रे, काका."

"तू गप उभी राहा."