नऊ तोंडी एकच वाक्य

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काडी, आणि स्वभाव असा की हाती आलेला कागद कुठेतरी टोचून ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. एका दैनिकात तिनं बावीस वर्षं उपसंपादकी केली. ते दैनिक एका सोमवारी बंद पडलं, मंगळवारी दाराला कुलूप लागलं आणि महिन्याभरात तिथं गाद्यांच्या दुकानाची पाटी आली. तेव्हा टाचणी पंचेचाळिशीत होती. गळा काढून बसणं तिच्या पिंडात नव्हतं. माहितीपट बनवणाऱ्या एका दिग्दर्शिकेकडे तिनं काम धरलं. मुलाखती ऐकायच्या, शब्दन् शब्द उतरवायचा, कोण काय बोललं ते पडताळायचं आणि मागितलं की चुटकीसरशी काढून द्यायचं.

हे सगळं ती एका टेक्स्ट एडिटरमध्ये करायची. खरं तर तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांसाठीचा. काळा पडदा, त्यावर अक्षरं, बाकी ना चित्र ना बटण. पण त्याला आपल्याला हवं ते शिकवता येतं, आणि टाचणीनं सात वर्षांत त्याला इतकं शिकवून ठेवलं होतं की दुसऱ्या कुणाच्या हातात तो चाललाच नसता. एक कळ दाबली की मुलाखतीतला नेमका तो सेकंद कानात वाजायचा. दुसरी दाबली की वाक्याच्या आधी वेळ उमटायची. न तपासलेलं विधान तांबडं दिसायचं, दोन ठिकाणी पडताळलेलं हिरवं. रोजच्या कामांची यादीही तिथंच. आजची कामं, उद्याची कामं, आणि जे इतक्यात होणार नाही त्याच्यापुढे ‘मागाहून’.

हा शब्द घरचा होता. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि पोरांच्या कुठल्याही मागणीला त्यांचं एकच उत्तर असायचं. सायकल? मागाहून. नवे बूट? मागाहून. “आपल्या घरात मागाहून म्हणजे पुढच्या जन्मी,” असं दादा म्हणायचा, आणि दोघं भावंडं तोंडावर उशी दाबून हसायची. वडील गेले. शब्द दोघांच्या जिभेवर राहिला.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. रंगाच्या कारखान्यात भांडारपाल. अवजारं, दोर, हातमोजे, पंप, जे लागेल ते त्याच्या खिडकीतून मिळायचं. तीन वर्षांपूर्वी त्या कारखान्यात एक टाकी साफ करताना पाच मजूर गेले. आत विषारी वाफ कोंडली होती. पहिला उतरला तो वर येईना, म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. चौकशी झाली. परवानगी नसताना मजूर स्वतःच आत शिरले, असा निष्कर्ष निघाला आणि फाईल मिटली.

दिग्दर्शिकेनं ती उघडायची ठरवली, तेव्हा टाचणीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “माझा दादा तिथं नोकरीला आहे. तुमचं काम मी चोख करीन, पण त्याला काही विचारणार नाही. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.”

“नका विचारू, ताई,” दिग्दर्शिका म्हणाली. “माणसं पुष्कळ आहेत.”

माणसं खरोखरच पुष्कळ निघाली. चार महिन्यांत एक्केचाळीस मुलाखती झाल्या, आणि प्रत्येकीची एक फाईल.

एका गुरुवारी दुपारी टाचणी कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईंची मुलाखत उतरवत होती. बाई मोकळ्या तोंडाच्या. हसत होत्या, खोकत होत्या, बोलता बोलता भलतीकडेच शिरत होत्या. मग टाकीचा विषय निघाला आणि बाईंचा आवाज एकदम सपाट झाला. “आपल्या मनानं उतरले ते,” बाई म्हणाल्या, आणि टाचणीची बोटं थांबली नाहीत. पुढचे शब्द कानात पडायच्या आधीच ती टाइप करून मोकळी झाली: “शिडी आम्ही मागाहून पाहिली.”

बाई नेमकं तेच म्हणाल्या.

टाचणीनं कानातलं काढलं. खोलीत पंखा फिरत होता, खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आपल्या बोटांना हे आधीच कसं ठाऊक? तिनं एडिटरला एक नवी आज्ञा लिहून दिली: सगळ्या फायली धुंडाळ आणि लागोपाठ सहा शब्द जिथे जिथे सारखे आढळतील त्या ओळी समोर मांड. तासाभरात ती आज्ञा तयार झाली. चालवल्यावर उत्तर यायला चार सेकंदही लागले नाहीत.

नऊ फायली. पहारेकरी, मालमोटारीचा चालक, उपाहारगृहाच्या बाई, दोन मिस्त्री, असे करत करत नऊ जण. त्यातला एक कारकून तर त्या दिवशी रजेवर होता, शंभर कोस दूर, बहिणीच्या लग्नात. शिडी ‘पाहिली’ मात्र त्यानंही.

दिग्दर्शिका पडद्यासमोर वाकून त्या नऊ ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. “ताई, हे पढवलेलं आहे! शिडी आधीपासून लावलेली असली तर त्यांना कुणीतरी उतरवलं, आपल्या मनानं नाही. हे वाक्य लिहून कुणी दिलं, तेवढं शोधायचं.”

“हं,” टाचणी म्हणाली.

त्या ‘हं’मध्ये काय अडकलं होतं ते दिग्दर्शिकेला कळलं नाही. उपाहारगृहाच्या बाई तासभर बोलल्या होत्या, आणि दर वेळी ‘नंतर’ म्हणाल्या होत्या. नंतर चहा केला, नंतर गाडी आली. पहारेकरीही नंतर, चालकही नंतर. त्या एका वाक्यातच काय ते सगळ्यांच्या तोंडी ‘मागाहून’.

दिग्दर्शिका गेल्यावर टाचणीनं एडिटरला तो एकच शब्द शोधायला लावला. मुलाखतींमधून नऊ ओळी आल्या. बाकी पडदा भरून वाहिला तो तिच्या स्वतःच्या याद्यांनी. वीज मंडळाला पत्र, मागाहून. चष्म्याची काच, मागाहून. जुन्या ध्वनिफिती, मागाहून. तिनं पडदा मिटला. हे वाक्य कुठल्या छापखान्यातून निघालं ते आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

दोन दिवस तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. शनिवारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी. आवाज साखरेत घोळवलेला.

“बाई, तुम्ही फायली फार नीट ठेवता म्हणे. हल्ली अशी माणसं कुठे मिळतात?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अहो, चांगलं काम काय लपून राहतं? तुमचे दादा बरे आहेत ना? सरळ माणूस. उतारवयात अशा माणसाला त्रास होऊ नये, एवढंच आपल्या सगळ्यांना वाटतं.”

फोन ठेवल्यावर सवयीनं तिनं वेळ टाकून ते बोलणं शब्दशः उतरवलं. ‘आपल्या सगळ्यांना’ ही ओळ तिनं दोनदा वाचली.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. वहिनी भाजी चिरत होती. दादा मागच्या व्हरांड्यात सायकलची साखळी पुसत बसला होता. टाचणीनं दार ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर पायरीवर बसली.

“दादा, शिडी मागाहून पाहिली?”

फडकं थांबलं.

“मी तुझ्या वहिनीला म्हणालोच होतो,” तो म्हणाला, “तुझ्यापासून काही लपायचं नाही.”

“तू लिहिलंस?”

“साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुझी भाषा चांगली आहे, एक वाक्य लिहून दे. सोपं, कुणालाही पाठ होईल असं. मी लिहिलं. पुढे त्याचं काय करणार, ते मला कुठे ठाऊक होतं?”

“ठाऊक नव्हतं?”

दादानं मान खाली घातली. “होतं.”

“आणि शिडी?”

“शिडी माझ्याच खिडकीतून गेली. देखरेख करणाऱ्याचा फोन आला, टाकी आजच्या आज साफ पाहिजे म्हणून. मी म्हटलं, वाफ मोजली का? तो म्हणाला, तू भांडार सांभाळ. पाच जण आले. त्यातला सगळ्यात थोराड होता त्यानं शिडी खांद्यावर घेतली, आणि मला म्हणाला, काका, जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत आणून देतो.” दादानं फडकं बाजूला ठेवलं. “तीन वर्षं झाली. जेवणाची घंटा झाली की माझा घास घशातच अडकतो.”

आत वहिनीच्या हातातला चाकू थांबल्याचं दोघांनाही कळलं.

“कॅमेऱ्यासमोर बोलशील?” टाचणीनं विचारलं.

तो एवढ्या लवकर हो म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. “बोलतो,” तो म्हणाला. “येत्या शुक्रवारी ठेव. आता एकदाचं होऊन जाऊ दे.”

तिथून थेट कामाच्या खोलीत जाऊन तिनं दादाच्या नावाची फाईल उघडली आणि व्हरांड्यातलं बोलणं आठवेल तसं, काही न गाळता लिहून काढलं. ओळीन् ओळ तांबडी दिसत होती. ऐकणारी ती एकटी, पडताळा कुणाचाच नाही.

शुक्रवारी दादा वेळेवर आला. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, दाढी घोटलेली. तो एकटा नव्हता. रस्त्याच्या पलीकडे राखाडी गाडी थांबली होती आणि चालकानं इंजिन बंद केलं नव्हतं. “कोण आहे?” टाचणीनं विचारलं. “सोडायला आले,” तो म्हणाला, तिच्याकडे न बघता.

दिवे लागले. दिग्दर्शिकेनं विचारलं, “त्या दिवशी काय झालं?”

दादानं दोन्ही हात मांडीवर सपाट ठेवले. “आपल्या मनानं उतरले ते,” तो म्हणाला. “शिडी आम्ही मागाहून पाहिली.”

पुढचे प्रश्न त्यानं ऐकलेसुद्धा नाहीत. चार मिनिटांत तो उठला. दारात क्षणभर थांबून बहिणीला म्हणाला, “तूही घरी जा. दाराला आतून कडी लावत जा.” गाडी त्याला घेऊन गेली.

दिग्दर्शिका हताश होऊन कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागली. टाचणी आपल्या कामाच्या खोलीत गेली. दादाची फाईल उघडीच होती. एक कळ दाबली असती तर ती पुसली गेली असती, आणि दादा दोन वर्षांनी हार गळ्यात घालून घरी आला असता. तिनं कळेवरून बोट काढलं. मग बाहेर येऊन दिव्यांसमोरच्या खुर्चीत बसली.

“कॅमेरा लावा,” ती म्हणाली.

“ताई, तुम्ही?”

“दादा मला रविवारी जे बोलला ते मी सांगते. तो फोनही सांगते. माझं नाव, माझा चेहरा, सगळं राहू दे. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पडताळत आले. आता माझं कुणाला पडताळायचं असेल तर पडताळू दे.”

एकोणीस मिनिटं ती बोलली, डोळ्यांतून पाणी येत असतानाही न थांबता. ती मुलाखतही तिलाच उतरवावी लागली. आपलाच आवाज कानात ऐकत शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ टाकून फाईल बंद केली.

माहितीपट पुरा झाला. लोकांनी तो पाहिला. त्यात नऊ जण आणि दहावा दादा तेच वाक्य एकामागून एक बोलत गेले. दोन महिन्यांनी चौकशी पुन्हा सुरू झाली. कारखान्यानं टाचणीला नोटीस पाठवली. घरमालकानं जागा सोडायला सांगितली. दादाला भांडारातून उचलून फाटकाजवळच्या एका रिकाम्या केबिनमध्ये बसवलं. तिथं त्याला काही काम नाही आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही.

त्यानं बहिणीला एकदाही फोन केला नाही. केला तो वहिनीनं, परवा, दबक्या आवाजात.

“चौकशीवाल्यांचं बोलावणं आलंय त्यांना. बावीस तारखेला. जेवत नाहीत, झोपत नाहीत. सारखं ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असतात.”

“काय म्हणतो?”

“ऐकू येत नाही गं. जवळ गेलं की गप्प होतात.” वहिनी जरा थांबली. “तू येशील त्या दिवशी?”

“येते,” टाचणी म्हणाली.

तो तिथं काय बोलणार, हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही. बावीस तारखेला अजून सहा दिवस आहेत, आणि वहिनी सांगत होती की राखाडी गाडी आता त्यांच्या दारासमोर सकाळपासूनच उभी असते.