आठ गडी, आठ बाया

त्या दिवशी आमच्या पत्र्याच्या पडवीत कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मी व्हते. माजा लेक व्हता. सून भिताडाला टेकून बसलती, तिला ताठ बसवत न्हाई. नात व्हती, पाचवीतली, मांडीवर पुस्तक घेऊन. आन तिच्या शाळेच्या म्याडम व्हत्या, त्या केजहून जीपनं येऊन-जाऊन करतेत. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम मागून आला. एवढेच.

दसरा झालता. गावातली माणसं ऊस तोडाया निघायच्या बेतात व्हती. आमच्याकडं नवरा-बायकू मिळून एक कोयता धरतेत. गडी ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधती, डोक्यावर घेऊन गाडीत टाकती. दोघांचं मिळून एक. बाई नसली तर गडी अर्धा. मागच्या साली सुनेची गर्भाची पिशवी काढली. तवापसून वजन उचलाया गेली की तिच्या डोळ्याम्होरं अंधारी येती. म्हणून लेक औंदा अर्धा झालता.

म्याडम सांगाया आलत्या की अंबाजोगाईला पोरींची वसतिगृहाची शाळा हाय. मायबाप उसाच्या फडावर गेले तरी पोरगी तिथं ऱ्हाती, खाती, शिकती. जागा थोड्या, म्हणून परीक्षा घेतेत. दिवाळीच्या आधी.

"वाचायचं तिला चांगलं येतं," म्याडम म्हन्ल्या, "पण शाब्दिक गणितात अडकते."

त्यांनी पुस्तकातलं एक वाचलं. एक मजूर दिवसाला दहा रोपं लावतो. मळ्यात आठ पुरुष आन आठ बायका कामाला हायेत. तर दिवसात किती रोपं लागतील?

नात म्हन्ली, "ऐंशी."

"परत वाच."

तिनं वाचलं. "ऐंशीच की ओ म्याडम."

मला बी ऐंशीच वाटलं.

"अगं, माणसं सोळा आहेत ना? सोळा दाहे किती?"

"एकशे साठ. पर धरायची आठच ना? जोड्या आठ हायेत."

लेक हसला. "बराबर हाय तिचं. बाईचं काम गड्याच्यातच धरतेत. पुस्तकवाल्यानं ऊस तोडल्याला न्हाई वाटतं."

म्याडम हसल्या न्हाईत. "पेपरात बाई वेगळी धरतात. ऐंशी लिहिलं तर चूक."

सून भिताडाला धरून जरा सरळ झाली. ती म्हन्ली, "धरू द्या की मंग."

तेवढ्यात मुकादम आला. खाली बसायच्या आधीच लेकाला म्हन्ला, "काय ठरलं बे तुजं?"

"अर्धाच हाय औंदा."

"अर्धा घेऊन मी काय करू बे? पोरगी हाय की. मायच्यानं जे व्हईना ते ती करंल. दोघी मिळून एक बाई धरतो. झाला तुजा कोयता पुरा."

मी म्हन्लं, "अकरा वर्साची हाय रे ती."

"मावशे, तुमी कितव्या वर्सी मोळी उचलली?"

त्याला ठाऊक व्हतं. आमच्या येळचा मुकादम त्याचाच बाप व्हता.

म्याडमनी परीक्षेचं सांगितलं. लेक खाली बघत म्हन्ला, "पास झाली तर ऱ्हाऊ दे तिला. मी अर्धा तर अर्धा, कुणाच्या बी टोळीत जाईन. न्हाई झाली तर येईल आमच्यासंगं."

"मला काय पोरीशी वैर हाय का?" मुकादम म्हन्ला. चहा पिला आन गेला.

तवापसून रोज दुपारी शाळा सुटली की मी आन ती बसायचो. मी दुसरीपत्तोर शिकले. अक्षर लागतं, जोडाक्षराला अडते. उत्तर बरोबर का चूक ते मला कुठलं कळतंय? पर म्याडमनी मला सांगून ठेवलं व्हतं, आजी, तुमी नुसतं इचारायचं. गणितात कोण हाय? काय करतंय? इचारलंय काय? ते मी इचारायची. संगं चिंचोके घ्यायचो. एक चिंचोका एक माणूस.

तिच्या हाताला जोडीचंच वळण पडलं व्हतं. दोन चिंचोके उचलायची आन एका जागी ठेवायची. मी बाजूला करायची.

"हिला हात येगळे हायेत का?"

"हायेत."

"मंग येगळी ठिव."

एक गणित टाकीचं व्हतं. एका तोटीनं टाकी भरती, दुसरीनं रिकामी व्हती. दोन्ही संगंच चालू. नात पुस्तकाकडंच बघत ऱ्हायली. "आज्जे, दुसरी तोटी बंद करत न्हाईत व्हय ही माणसं?"

"लई पाणी असल्यालं गाव असंल," मी म्हन्लं. तवा ती हसली. तेवढंच.

एकदा तिनं मला इचारलं, "आज्जे, तू आन आज्जा किती?"

"दोन."

"मुकादमानं किती धरलं?"

"एक."

"मंग तुजी रोपं कुठं गेली?"

मी म्हन्लं, पुढचं गणित वाच.

हा माजा लेक उसाच्या पाल्याच्या कोपीत झाला, फडाच्या कडंला. त्याचा बाप तांबडं फुटायच्या आधीच तोडाया गेलता. शेजारच्या कोपीतल्या बाईनं नाळ कापली. पाचवी पुजायच्या आधी मी उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधाया बसले, लेकरू उसाच्या पाल्यावर निजवून. सांगून काय करायचं त्या पोरीला?

पंधरा-सतरा दिस आमी बसलो. मंग ती चुकायची बंद झाली. म्याडमनी आठ गडी आठ बायाचं गणित फिरवून फिरवून घातलं, तरी चुकली न्हाई. सून बाजेवर पडून ऐकायची. मनात आकडा करायची आन पोरीच्या आधी सांगायची, मंग पोरगी तिच्यावर चिडायची.

परीक्षेला मी संगं गेलते, एसटीनं. शाळेच्या दाराशी कडूलिंबाखाली बसले. बाकीच्या पोरी आधी आल्या. ही सगळ्यात मागून आली.

"आलतं का तसलं?"

"आलतं. बाया येगळ्या धरल्या मी."

"मंग तोंड कावून असं?"

"चुकू ने म्हणून समद्या गणितात एकेक माणूस काढत बसले, पेन्सिलीनं. गडी येगळा, बाई येगळी. मागची गणितं ऱ्हायली. घंटा वाजली आन त्यांनी कागद घेतला."

येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी भाकरीचं फडकं सोडलं, तिनं भाकर घेतली न्हाई.

नावं लागली त्यात ती न्हवती. म्याडम सोता सांगाया आल्या. "जेवढी सोडवली तेवढी सगळी बरोबर आहेत, आजी." मी म्हन्लं, व्हय का. लेक उठला, कोयत्याला धार लावाया बसला. दिवाळी झाली आन मुकादमाचा टेंपो आला. भांडी चढली, पिठाची गोणी चढली, सुनेला दोघांनी धरून चढवलं. पोरगी आपसूक चढली. पुस्तक तिनं पिठाच्या गोणीत खुपसलं, पाऊस-पाणी लागू ने म्हणून.

आता मी हितं शेरडांपाशी हाय. ती पार भीमेच्या पल्याड हायेत, कुठल्या गावाला ते मला नीट सांगता याया न्हाई. फोन आला तर शेजारची सून आणून देती. मागच्या आठवड्यात नात बोलली. हात चिरलेत म्हन्ली, मीठ लागलं की आग व्हती. मंग म्हन्ली, आज्जे, भागाकाराचं एक गणित हाय, बाकी उरती त्या बाकीचं काय करायचं? मला भागाकार येत न्हाई. मी म्हन्लं, परत वाच. तिनं वाचलं. मी म्हन्लं, कोण हाय, काय करतंय, इचारलंय काय? तिनं समदं नीट सांगितलं. म्होरं मला काय सांगता येईना. फोन कट झाला.

जे कुणी हे वाचतंय त्याला माजं एवढंच सांगणं हाय. तुमच्या गावाच्या कडंला ऊसतोडीच्या कोप्या उभ्या असतील, तर सांजच्या पारी जाऊन बघा. तिथं एखाद्या पोरीपाशी पुस्तक असंल. ती माजी नसली तरी चालंल. थोडा येळ बसा तिच्यापाशी, आन तिला भागाकार शिकवा.